तोंडपाठ असेल ते म्हणा

पडदा वर जातो तेव्हा समोर माणूस दिसत नाही, दात दिसतात. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे पांढरे जबडे. कुणी आ वासलेला, कुणी घट्ट मिटलेला, कुणाचे पुढचे दोन गायब, कुणाला दाढांचा पत्ताच नाही. प्रत्येकाच्या बुडाशी शाईने एक आकडा. नाव कुणालाच नाही. खाली लांबट टेबल, त्यावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, बारीक कोरण्या. खिडकीतून सकाळचं ऊन असं तिरपं आलेलं की वाटावं, आता हे सगळे जबडे एका सुरात काहीतरी बोलणार. खोलीच्या मधोमध प्लायवूडची आडभिंत. अलीकडे दोन लाकडी खुर्च्या, एक स्टूल आणि दातांना चकाकी आणायचं फिरतं चाक. पलीकडे उंच पाठीची, मान टेकवायची खुर्ची. आणि आता डाव्या बाजूने, हातात पाण्याचा मग घेऊन, आपले नायक प्रवेश करतात.

वय अडुसष्ट. टक्कल, पांढरा डगला, कान चांगले मोठे. सगळी गल्ली त्यांना बत्तिशीकाका म्हणे. लोकांना बत्तीस-बत्तीस दात देणाऱ्या या गृहस्थांच्या स्वतःच्या तोंडात मात्र अकराच उरले होते. कवळी का बसवून घेत नाही, असं विचारलं तर म्हणत, "माझ्या तोंडाचा साचा मला घेता येत नाही, आणि दुसऱ्यावर माझा विश्वास नाही."

कवळी बनवणं म्हणजे काय, हे ज्याचे दात शाबूत आहेत त्याला कळायचं नाही. साचा घेणं, मेणावर दात मांडणं, ते गुलाबी हिरडीत पक्के करणं, हे हाताचं काम, कुणीही शिकेल. पण दात नुसते तोंडात बसून भागत नाही, ते बोलण्यात बसावे लागतात. वरचा दात केसभर खाली आला की 'फ'च्या जागी नुसता वारा येतो. केसभर आत गेला की 'स'ची शिट्टी वाजते. म्हणून दात मेणावर असतानाच काका ते तोंडात चढवून माणसाला बोलायला लावत. इथे त्यांची एक खास रीत होती. 'काहीतरी बोला' म्हटलं की माणूस जपून बोलतो, जीभ पाहुणीसारखी अवघडून वागते. ती घरच्यासारखी चालते ती फक्त लहानपणी घोकलेल्या शब्दांवर. म्हणून काका सांगत, "तोंडपाठ असेल ते म्हणा. अर्थाकडे बघू नका." आणि स्वतः डोळे मिटून कान पुढे करत.

दहातले नऊजण आपापल्या देवाचं म्हणत.

अशी चाळीस वर्षं गेली. त्या खुर्चीत कोण कुणाचं नाव घेतं, हे काकांइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. नावावरून एक वाटावं आणि तोंडातून भलतंच निघावं, असेही बरेच होते. एक नवरा-बायको तर पस्तीस वर्षं एका छपराखाली राहून वेगवेगळं म्हणत, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. ते सगळं काकांच्या कानात गेलं आणि तिथेच राहिलं. आडभिंतीच्या अलीकडे, चाकाच्या घरघरीत आतलं काही ऐकू न येता दात चकचकीत करणाऱ्या त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीजवळही त्यांनी कधी ब्र काढला नाही. आणि ही आक्का म्हणजे अशी बाई, की जिच्यापासून काही लपवून ठेवणं ही तालमीतल्या पहिलवानाचीच कामगिरी.

स्वतःबद्दलही तोंडाला कुलूप. त्याला कारण होतं. बाविसाव्या वर्षी, नुकतं काम शिकत असताना, खुर्चीतल्या एका भल्या दिसणाऱ्या माणसाने त्यांना विचारलं, "तुझा धर्म कोणता रे?" तेव्हाच्या पोराने सरळ सांगून टाकलं. तो माणूस उठला, आणि तोंडात मेणाचे दात तसेच ठेवून जिना उतरून निघून गेला. दातही गेले, मेणही गेलं. रस्त्यातल्या लोकांनी एक माणूस नवेकोरे दात विचकून तरातरा जाताना पाहिला एवढंच. आक्का हा किस्सा सांगताना हसून हसून लोळायची. काकांनी मात्र त्या दिवशी कानाला खडा लावला.

तर मंगळवारची सकाळ. आत खुर्चीवर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाई, तोंडात मेणावरचे दात. इतक्यात जिना वाजला आणि चाळिशीचा एक माणूस वर आला. राखाडी कोट, बूट स्वच्छ पुसलेले, डोळ्यांखाली काळं.

"कवळी?" आक्काने विचारलं.

"नाही."

"दुरुस्ती?"

"नाही. माझे दात सगळे आहेत."

"मग जिना चुकलात. खाली दिव्यांचं दुकान आहे, शेजारी चपलांचं. दात असलेल्यांचं इथं काय काम?"

"मला त्यांना एक विचारायचंय," तो आडभिंतीकडे बघत म्हणाला.

काका बाहेर आले. बोटांना मेण. "विचारा."

"तुमचा धर्म कोणता?"

आक्काचा पाय पॅडलवरून सुटला आणि फिरतं चाक घरघरत थांबलं.

हे इथे सांगायला हवं की गेले दोन महिने त्या गल्लीची हवा काही ठीक नव्हती. कुणीतरी घरोघरी विचारत फिरतं, यादी करतं, असं जो तो कुजबुजत होता. कोण, कशासाठी, कुणालाच माहीत नव्हतं. खालच्या दिवेवाल्याने आपलं सरळ उत्तर देऊन टाकलं होतं. तेव्हापासून त्याची निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या फुटपाथवरून जायला लागली. काकांना स्वतःची तेवढी फिकीर नव्हती. पण ज्या माणसाच्या कानात अख्ख्या गावाची यादी आहे, त्याच्याकडे कुणी आलं तर ते एकट्या त्याच्यासाठी येणार नाही, ही भीती त्यांच्या मनात घर करून होती. एक शब्द सुटला तरी त्या खुर्चीत पुन्हा कुणी तोंड उघडणार नव्हतं, आणि ज्यांनी आजवर उघडलं होतं ते उघड्यावर पडणार होते.

या प्रश्नाची उत्तरं काकांकडे तयार असत, समोरचा बघून द्यायची. थट्टेखोराला म्हणायचं, "आधी तोंड उघडा, मग सांगतो," आणि उघडलं की साच्याचा लगदा आत. पाच मिनिटांत तो प्रश्न विसरतो. भोचक बाईला म्हणायचं, "सोयरीक जमवताय का? मला मुलगीच नाही हो." आणि सरकारी वाटणाऱ्याला...

"कागद दाखवा," काका म्हणाले.

"कसला कागद?"

"माझं उत्तर ज्यावर लिहिणार तो."

"मी लिहिणार नाही. लक्षात ठेवीन."

हे तर आणखी वाईट. काकांच्या मनात पाल चुकचुकली. "जरा बसा," ते म्हणाले आणि आत गेले.

ऑपरेटरबाईंनी डोळे मिटले, मान टेकवली, आणि गेल्या खेपेसारखं तोंडपाठ सुरू करायला ओठ उघडले. बाहेरची खुर्ची करकरत होती ती नेमकी त्याच क्षणी करकरायची थांबली. काकांनी बाईंच्या ओठांसमोर बोट धरलं.

"आज आकडे म्हणा."

"आकडे? गेल्या वेळी तर तुम्ही..."

"हळू बोला."

"बाहेर कोण आहे?"

"माहीत नाही. म्हणून तर."

बाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती; त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. "म्हणजे लाइनवर तिसरा माणूस आहे," त्या पुटपुटल्या, आणि मग खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "सात शून्य चार चार, बोला! सहा सहा सात एक, लाइन व्यस्त आहे, वाट बघा!" काकांना हसू दाबताना पुरेवाट झाली. पण दात मात्र बसले नाहीत. 'सहा' आणि 'सात' ठीक निघाले. बाकी जीभ कुठे जाते, कळायला मार्ग नव्हता. शेवटी बाईंना दात न बसवताच पुन्हा यायला सांगावं लागलं.

बाई गेल्यावर ते त्या माणसासमोर उभे राहिले. "माझं उत्तर ऐकून तुम्ही काय करणार, ते आधी सांगा."

"ते सांगता येणार नाही."

"मग मलाही नाही येणार."

तो माणूस क्षणभर काकांच्या हातांकडे बघत राहिला, मग उठून जिना उतरू लागला. आक्का पायात चपला सरकवून त्याच्या मागोमाग गेली. परत आली ती पदराने कपाळ पुसत.

"मिटवलं."

"काय मिटवलंस?"

"सांगून टाकलं त्याला. गल्लीत सगळ्यात जास्त घरं ज्यांची आहेत ना, त्यांचंच नाव ठोकलं. म्हटलं, आम्ही त्यातले. त्यांच्या वाटेला कोण जातंय?"

"आक्का, तुला कुणी विचारलं होतं?"

"तुला विचारलं होतं! तू बसलास तोंड शिवून. असल्या माणसाला रिकामं पाठवलं की तो परत येतो. काहीतरी हातावर ठेवावं आणि वाटेला लावावं."

"पण खोटं?"

"मग खरं ठेवू?"

पुढचे दोन दिवस त्यांनी खिडकी लावून घेतली. फळीवरचे जबडे उचलून आकड्यांची बाजू भिंतीकडे केली. पेपर टाकणारा जिन्यात जरा जास्त रेंगाळला तर ते कान टवकारत. गुरुवारी एक म्हातारा दाढ दाखवायला आला, त्याला त्यांनी तीनदा विचारलं की तुम्हाला इकडे कुणी पाठवलं. तो बिचारा घाबरून दाढेसकट परत गेला. "अशाने आपण दोघं एकमेकांचेच दात घासत बसू," आक्का म्हणाली.

शुक्रवारी दुपारी जिना पुन्हा वाजला. तोच राखाडी कोट. या वेळी त्याने नमस्कारही केला नाही.

"तुम्ही खोटं बोललात," तो आक्काला म्हणाला.

"मी?" आक्काने चाक थांबवलं नाही. "माझ्या तोंडावर म्हणताय?"

"तुमच्या तोंडावरच म्हणतोय. तुमच्यामुळे माझे वडील तीन दिवस जेवले नाहीत."

आता चाक थांबलं.

काका आतून आले. ते आडभिंतीला टेकून उभे राहिले. "बसा. आणि पहिल्यापासून सांगा."

"वडलांना झटका आला. महिना झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळ्यांनी सगळं कळतं, पण शब्द निघत नाही. रुग्णालयात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, लहानपणी पाठ केलेलं असतं ते कधीकधी सबंध बाहेर येतं. साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण प्रार्थना येते. आणि एकदा ती आली की तिच्या मागून बाकीचं यायला लागतं. तुमच्या घरात कुठली म्हणतात, असं त्यांनी मला विचारलं."

"मग?"

"मला माहीत नाही." तो खाली बघत म्हणाला. "आमच्या घरात कुठलीच म्हणत नव्हते. लहानपणी विचारलं की वडील म्हणायचे, कामाला लागा. गाव सोडून आले होते ते तरुणपणी. नाव बदललं असावं. आईलाही खरं सांगितलं असेल असं वाटत नाही, आणि ती आता नाही."

"यात मी कुठे आलो?"

"वडील जन्मात कुणावर विश्वास ठेवणारे नाहीत. सलूनमध्ये कधी गेले नाहीत, दुसऱ्याच्या हातातल्या वस्तऱ्याखाली मान द्यायची नाही म्हणून. डॉक्टर घसा बघायला आला तरी ओठ मिटायचे. असा माणूस तुमच्यासमोर तोंड उघडून बसला, चांगला चार-पाच वेळा. कवळीच्या डबीवर तुमचा पत्ता आहे. मी म्हटलं, आपल्यातला असल्याशिवाय ते कुणाला तोंडात हात घालू देणार नाहीत. म्हणजे तुमचा धर्म कळला की त्यांचा कळेल."

आक्काने हातातली कवळी टेबलावर ठेवली.

"मग यांनी जिन्यात सांगितलं. मी शेजाऱ्याला विचारून ते सगळं पाठ केलं आणि वडलांच्या उशाशी बसून म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने भांडं फेकून मारलं मला. तेव्हापासून तोंडच उघडत नाहीत. मी चमचा नेला की ओठ आवळून माझ्याकडे असे बघतात, जसा मी त्यांना कुणाच्या तरी हवाली करायला आलोय."

"हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?" आक्काने विचारलं.

"अनोळखी माणसांना घरातलं कसं सांगायचं?"

"आणि अनोळखी माणसाला धर्म बरा विचारता आला!"

"आक्का, थांब," काका म्हणाले. त्यांच्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, हा खरं बोलतोय, बघ त्याच्या डोळ्यांखाली. दुसरा म्हणत होता, नाटक आहे सगळं, आजारी बापाची गोष्ट ऐकवली की कुणीही विरघळतं. याला एका माणसाचं गुपित हवंय आणि ते काढायची ही तऱ्हा आहे. "डबी आणलीत?"

त्याने कोटाच्या खिशातून प्लास्टिकची डबी काढली. काकांनी कवळी हातावर घेतली, उलटी केली, उजेडात धरली. आतल्या बाजूला त्यांच्याच हाताने कोरलेला आकडा होता. टाळूची कमान खोल, घुमटासारखी. चेहरे काकांच्या लक्षात राहत नसत, तोंडं राहत.

आणि हे तोंड तर ते विसरणंच शक्य नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वी हा माणूस वर आला होता तो दारातच थबकून. आधी खिडकी बघितली, मग आडभिंतीमागे कुणी नाही ना ते बघितलं, आणि मग विचारलं, "तुमचा धर्म कोणता?" काकांनी टोलवलं. दुसऱ्या खेपेला तेच. तोंडपाठ काही म्हणा म्हटलं तर एक ते वीस आकडे, तेही दात आवळून. कवळी शिट्टी वाजवत राहिली. तिसऱ्या खेपेला त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा काका वैतागून म्हणाले होते, "अहो, चाळीस जणांनी विचारलं, चाळीस जणांना नाही सांगितलं. तुम्हाला काय म्हणून सांगू?" त्यावर तो म्हणाला, "स्वतःचं सांगत नाही, म्हणजे माझंही सांगणार नाही." चौथ्या खेपेला त्याने आक्काला खाली पाठवायला लावलं, खिडकी लावायला लावली, आणि काकांच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी हळू, सबंध म्हटलं. म्हणताना त्याचे डोळे आडभिंतीवर खिळले होते. कवळी मात्र पहिल्या झटक्यात बसली.

लेकाचा हिशेब बरोब्बर उलटा होता. बापाने काकांपुढे तोंड उघडलं ते काका त्याच्यातले होते म्हणून नव्हे.

"काही आठवतंय का?" मुलगा विचारत होता.

"दात माझे आहेत," काका म्हणाले. पुढचं गिळलं. सांगावं तर चाळीस वर्षांचं मौन आज मोडणार, आणि तेही ज्याने सगळ्यात जास्त भीत भीत विश्वास टाकला त्याच्याच बाबतीत. न सांगावं तर तो माणूस तोंड मिटून उपाशी राहणार. त्यांनी डगला काढून खुंटीवर टाकला, कोरण्यांची पिशवी उचलली. "चला. कवळी तोंडात बघितल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही."

"पण मला फक्त एवढंच..."

"मी येतोय म्हटलं ना."

दारात आक्काने त्यांचा दंड धरला. "मीच घोळ घातला रे," ती पुटपुटली. मग आणखी हळू, "पण खात्री आहे ना तुला? कुठं नेतोय कुणास ठाऊक."

"संध्याकाळपर्यंत आलो नाही तर दिवेवाल्याला सांग," काका म्हणाले. ते थट्टेत बोलले नव्हते. बसमध्येही ते दाराजवळच्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळण मनात नोंदवत राहिले. मुलगा दोनदा बोलायला गेला. त्यांनी दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं. समोर खरंच रुग्णालयाचं फाटक आलं, तेव्हा कुठे त्यांनी पिशवीवरची मूठ सैल केली.

दुसऱ्या मजल्यावर दोन खाटांची खोली, एक खाट रिकामी. दाराला वरच्या बाजूला चौकोनी काच. खाटेवर म्हातारा कुशीवर, गाल आत गेलेले, ओठ चिमटून बंद. नुसते डोळे हलत होते, आणि ते आधी दाराकडे, मग मुलाकडे, मग या नव्या माणसाच्या पिशवीकडे गेले.

"तुम्ही बाहेर थांबा," काका मुलाला म्हणाले.

"मी मुलगा आहे त्यांचा."

"म्हणूनच. दार लावून घ्या."

दार लागलं. काचेत मुलाचं डोकं दिसत राहिलं. काकांनी खाटेभोवतीचा कापडी पडदा ओढून घेतला आणि ते डोकं दिसेनासं झालं. मग हात धुतले, कवळी पाण्याच्या वाटीत टाकली, दोन्ही तळवे म्हाताऱ्याला उलटेपालथे करून दाखवले, पिशवी उघडून एकेक कोरणी चादरीवर मांडली. म्हाताऱ्याने सगळं तपासलं. ओठ काही सुटले नाहीत. त्या डोळ्यांत ओळख होती की नुसता पहारा, हे काकांना सांगता आलं नसतं.

काकांनी खाली वाकून डाव्या कानाशी तोंड नेलं आणि अठरा वर्षांपूर्वी ऐकलेली पहिली ओळ म्हटली. अगदी हळू, जशी त्यांना ऐकवली होती तशी.

म्हाताऱ्याचा डावा हात वर उठला. आता हा आपल्यालाही काहीतरी फेकून मारणार, असं वाटून काकांनी डोळे मिटले. पण मागे सरले नाहीत. त्यांना पुढचं आठवत नव्हतं. ऐकलं होतं एकदाच, आणि तेव्हा त्यांचं लक्ष शब्दांपेक्षा दातांकडे होतं. त्यांनी पहिली ओळ पुन्हा म्हटली आणि थांबले. भर प्रयोगात नट वाक्य विसरतो तेव्हा सगळ्या थिएटरचा श्वास अडकतो ना, तसा तो कापडी पडद्याआडचा एवढासा चौकोन अडकून राहिला. कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजली. काकांनी तिसऱ्यांदा पहिली ओळ म्हटली.

आणि म्हाताऱ्याने चिडून दुसरी म्हटली.

शब्द नव्हते ते, नुसता ओला घरघराट होता. बिनदाताच्या तोंडात गोळा झालेला. पण चाल चुकली नव्हती. काकांनी घाईने कवळी पाण्यातून काढली आणि पुढे केली. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि तीन दिवसांनी तोंड उघडलं.

दात बसल्यावर तिसरी ओळ आली. मग चौथी. उजव्या ओठातून लाळ गळत होती आणि काका ती बाहीने टिपत होते. मधे एकदा अडखळलं, तेव्हा म्हातारा मागे जाऊन पहिल्यापासून आला, घाटात गाडी मागे घेऊन पुन्हा चढवावी तसा. शेवटपर्यंत गेला. मग त्याने काकांचं मनगट पकडलं, बराच वेळ ओठ हलवले, आणि एक शब्द बाहेर ढकलला. तो पाठ केलेल्यातला नव्हता, त्याचा स्वतःचा होता.

"दार."

"लावलंय," काका म्हणाले.

म्हाताऱ्याने पडद्याच्या दिशेने बघत खात्री करून घेतली. मग मनगट सोडलं आणि मान उशीवर टाकली. काका बाहेर आले तेव्हा मुलगा भिंतीला पाठ लावून उभा होता.

"आवाज आला मला," तो म्हणाला. "त्यांचा होता ना? शब्द नाही कळले. काय म्हणाले ते? कुठलं होतं?"

काकांनी पिशवीचा बंद आवळला.

"म्हणजे तुम्ही खरंच त्यांच्यातले," मुलगा म्हणाला. "नाहीतर तुम्हाला कसं माहीत असणार?"

काकांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

"निदान आम्ही कोण ते तरी सांगा. मी काही यादी करत नाहीये हो. मुलगा आहे मी. मला कळायला नको?"

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तीन दिवस ज्याला जवळही येऊ दिलं नव्हतं, त्याच्या खांद्यावर. मग हात काढून घेतला, बाहीवरची लाळ रुमालाने पुसली आणि जिन्याकडे वळता वळता म्हणाले,

"कळायला हवं, पण माझ्याकडून नाही. आत जा, दार लावून घ्या, आणि ते म्हणायला लागले की मध्ये काही विचारू नका. आणि हे बघा, चमचा डावीकडून द्या. उजव्या बाजूला खालची कवळी टोचतेय त्यांना, ती उद्या येऊन घासून देतो."